खुलासा : सोडा-व्हिनेगरने तुंबलेलं सिंक मोकळं होतं का?

‘खायचा सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, मग उकळतं पाणी, सिंक चकाचक!’ हा उपाय वर्षानुवर्षं फिरतोय. फसफसून फेस येतो, म्हणून पटतोही. पण तो फेस नुसता कार्बन डायऑक्साइडचा. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. त्यात सिंक तुंबवणारं तूप विरघळत नाही.

उकळत्या पाण्याचंही तसंच. तूप वितळतं खरं, पण पुढे गार पाइपात जाऊन पुन्हा थिजतं. म्हणजे हाताशी असलेला बोळा आपणच लांब ढकलतो. शिवाय पाइपाचं प्लास्टिक (पीव्हीसी) साधारण ८० अंशांना मऊ पडू लागतं, सांधे सैल होतात.

सिंकखालची बाटलीसारखी वाटी (बॉटल ट्रॅप) एकदा उघडून बघाच. आमच्याकडची उघडली तेव्हा आत राखाडी, साबणाच्या वडीसारखा गोळा होता. त्यात चहाचा चोथा, भाताची शितं आणि मोहरीचे दाणे रुतलेले. कणकेचं पाणीही तिथेच जाऊन चिकटतं.

उपाय कंटाळवाणा आहे. कढई घासण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायची, जाळी बसवायची, चोथा झाडांना. महिन्यातून एकदा खाली बादली ठेवून ती वाटी हाताने फिरवून काढायची नि धुवायची. परत लावताना रबरी वायसर विसरू नका, नाहीतर कपाटात तळं.

बाथरूमचं कारण वेगळं : केस. तिथे वाकवलेली तार पुरते.