पहिल्या वर्षाचा केमिस्ट्री कोर्स: गुण कुठे मिळतात आणि कुठे गळतात
(शिकवणीला नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी माहितीपत्रक)

पहिल्या तासाला येताना पाठ्यपुस्तक विसरलात तरी चालेल, सिलॅबस मात्र विसरू नका. विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागाने दिलेल्या त्या चार-पाच पानांत धड्यांची यादी असतेच, पण कामाच्या गोष्टी तिच्या खाली असतात. कोणत्या भागाला किती भारांश (एकूण शंभरातला त्याचा वाटा) आहे, जर्नल उशिरा दिलं तर किती गुण कापणार, परीक्षा बुडाली तर काय करायचं, कोणता कॅल्क्युलेटर चालतो, पेपर पुन्हा तपासून हवा असेल तर किती दिवसांत अर्ज द्यायचा, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. पुष्कळ जण हे कागद निकाल लागल्यावर वाचतात. तोवर त्यातल्या सगळ्या तारखा उलटून गेलेल्या असतात.

विद्यापीठ बदललं की आकडे बदलतात. एकाच विभागात प्राध्यापक बदलले तरी बदलतात. खालचे आकडे नेहमी आढळणाऱ्या मांडणीचे आहेत. रीत समजून घ्या आणि आकडे स्वतःच्या सिलॅबसमधून घ्या.

कोर्सची बांधणी

आठवड्याला साधारण तीन तास लेक्चर, एक तास ट्युटोरियल आणि तीन-चार तासांचं प्रॅक्टिकल. हे तिन्ही समांतर चालतात, पण एकमेकांशी जुळून चालतीलच असं नाही. लेक्चरमध्ये अजून न शिकवलेली गोष्ट प्रॅक्टिकलला आधी येऊ शकते. अशा वेळी प्रॅक्टिकलच्या पुस्तिकेतली प्रस्तावना आदल्या दिवशी वाचण्याला पर्याय नाही.

ट्युटोरियल ऐच्छिक असेल तर तेच सगळ्यात आधी बुडवलं जातं, आणि आमच्या मते नेमकं तेच बुडवू नये. ते घेणारे बहुधा पदव्युत्तर विद्यार्थी असतात आणि बऱ्याच ठिकाणी तुमचे पेपर व जर्नल तेच तपासतात. फळ्यावर ते उदाहरण ज्या मांडणीने सोडवतात, तीच मांडणी पेपर तपासताना त्यांच्या डोळ्यांसमोर असते.

पहिल्या सत्रात मापन आणि सार्थ अंक, मोल (पदार्थाचे कण मोजण्याचं एकक), स्टॉइकिओमेट्री (अभिक्रियेतल्या प्रमाणांचा हिशेब), द्रावणं, वायू, उष्मारसायन, इलेक्ट्रॉन संरूपण, बंध आणि रेणूंचे आकार. दुसऱ्या सत्रात आंतररेण्वीय बलं, अभिक्रियेचा वेग, समतोल, आम्ल-आम्लारी, एन्ट्रॉपी, विद्युतरसायन. पहिल्या सत्रातला मोल कच्चा राहिला की त्याची वसुली दुसऱ्या सत्रात होते. बफरमध्ये (पीएच फारसा बदलू न देणाऱ्या द्रावणात) तीव्र आम्ल घातलं तर पीएच किती, या प्रश्नात आधी मोलचा हिशेब करावा लागतो: किती आम्लारी संपली, किती आम्ल तयार झालं. बफरचा पीएच काढण्याचं हेंडरसन-हॅसलबाल्ख समीकरण त्यानंतर येतं. समीकरण पाठ असूनही उत्तर चुकतं ते या पहिल्या पायरीमुळे.

गुणांचा हिशेब

समजा भारांश असे आहेत: ऑनलाइन गृहपाठ १०, क्विझ १०, प्रॅक्टिकल २०, मध्य-सत्र परीक्षा तीन, प्रत्येकी १२, आणि अंतिम परीक्षा २४. एकूण १००.

एका विद्यार्थ्याची टक्केवारी अशी धरू: गृहपाठ ९२, क्विझ ७०, प्रॅक्टिकल ८८, मध्य-सत्र ६१, ६८ आणि ७२. प्रत्येक टक्केवारीला तिच्या भारांशाने गुणून १०० ने भागायचं. गृहपाठाचे ९.२, क्विझचे ७, प्रॅक्टिकलचे १७.६, तीन परीक्षांचे मिळून २४.१२. बेरीज ५७.९२. आता एकूण ८० हवे असतील तर अंतिम परीक्षेतून २२.०८ यायला हवेत, म्हणजे २४ पैकी ९२ टक्के. एकूण ७५ वर समाधान असेल तर सुमारे ७१ टक्के पुरतात, आणि ७० साठी ५० टक्क्यांच्या किंचित वर.

काही ठिकाणी असा नियम असतो की अंतिम परीक्षेची टक्केवारी जास्त असेल, तर सगळ्यात कमी मध्य-सत्राच्या जागी तीच धरली जाते. वरच्या उदाहरणात ६१ निघून गेले की अंतिम परीक्षेचा भारांश २४ वरून ३६ होतो. मग ८० गाठायला ९२ टक्के लागत नाहीत, सुमारे ८२ पुरतात. सिलॅबसमधली ही एक ओळ दहा टक्क्यांची आहे.

सरळ मिळवलेल्या गुणांची बेरीज करू नका, हा नेहमीचा घोळ आहे. गृहपाठ ३०० गुणांचा आणि परीक्षा १०० गुणांची असली, तरी भारांश १० आणि १२ असेल तर परीक्षाच जड. पडद्यावर दिसणारी चालू टक्केवारीही फसवी असते, कारण न झालेल्या परीक्षा त्यात धरलेल्या नसतात. सत्राच्या पाचव्या आठवड्यात ती ९४ दाखवते, कारण तोवर गृहपाठ आणि प्रॅक्टिकलच झालेलं असतं. पालकांनी तो आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

क्विझमध्ये सगळ्यात कमी गुणांच्या एक-दोन सोडून देतात. ही सवलत आजारपणासाठी राखून ठेवा. पहिल्या दोन क्विझ आळसाने बुडवल्या की ती संपली, आणि पुढे खरंच ताप आला तर शून्य पडतं.

कोर्स सोडण्याची शेवटची तारीख साधारण पहिल्या किंवा दुसऱ्या मध्य-सत्रानंतर येते. वरचा हिशेब त्या तारखेच्या आधी एकदा करायचा. ७० साठी अंतिम परीक्षेत ११० टक्के लागतात असं निघालं, तर निर्णय तेव्हाच घेता येतो.

श्रेणी कशी ठरते

दोन पद्धती आहेत. एकीत मर्यादा आधीच ठरलेल्या असतात: ९० च्या वर ए, ८० च्या वर बी, वगैरे. दुसरीत वर्गाच्या तुलनेत श्रेणी ठरते. वर्गाची सरासरी ५८ आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) १४ असेल, तर ७२ गुण म्हणजे सरासरीच्या एक विचलन वर, आणि ती चांगली जागा आहे. ठरलेल्या मर्यादांच्या पद्धतीत तेच ७२ मध्यम ठरतात. म्हणून ‘किती मिळाले’ याबरोबरच सरासरी काय होती, हेही आम्ही विचारतो. सरासरी जाहीर केली नसेल तर प्राध्यापकांना विचारा, ते सांगतात.

‘पेपर अवघड होता, शेवटी गुण वाढवतीलच’ या आशेवर मात्र बसू नका. सिलॅबसमध्ये लिहिलेलं नसेल तर वाढ नाही असं धरून चाला.

प्रॅक्टिकल

कोर्समधले सगळ्यात स्वस्त गुण इथे असतात, आणि नापास होण्याची सगळ्यात अनपेक्षित जागाही हीच. अनेक विभागांत प्रॅक्टिकल वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. ठरावीक संख्येपेक्षा जास्त प्रॅक्टिकल बुडाली, तर लेखी गुण कितीही असोत, संपूर्ण कोर्स नापास होतो. सुरुवातीच्या सुरक्षा-सूचना चुकल्या तर आत घेत नाहीत, म्हणून दहा मिनिटांचा उशीर म्हणजे गैरहजेरी. गॉगल, पूर्ण बंद बूट, पाय झाकणारे कपडे हे ठरलेलं.

गुण तीन ठिकाणी विभागलेले असतात: आधी करून आणायची पूर्वतयारी, प्रत्यक्ष नोंदी आणि रिपोर्ट. नोंदी थेट वहीत, पेनने करायच्या. चिठ्ठीवर लिहून नंतर वहीत सुवाच्य उतरवण्याची शाळेतली सवय इथे अंगाशी येते, कारण मूळ नोंद कुठे आहे असं विचारलं जातं. चुकलेला आकडा एका रेघेने खोडा, खालचा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर नाही.

आता एक प्रयोग जवळून पाहू: सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची नेमकी संहती, म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल, हे टायट्रेशनने काढणं. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, म्हणजे केएचपी, ०.५१०६ ग्रॅम घेतलं. त्याचं मोलर वस्तुमान २०४.२२, म्हणून ०.००२५०० मोल. अभिक्रिया एकास एक. ब्युरेटमधून (खुणा आणि तोटी असलेल्या लांब काचनळीतून) ते द्रावण २४.८५ मिली लागलं तर संहती ०.१००६ मोलर.

ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा होता आणि टायट्रेशन चालू असताना तो निघून गेला, समजा ०.३० मिलीचा. ती जागा द्रावणाने भरली, फ्लास्कमध्ये काहीच पडलं नाही, पण वाचन २५.१५ आलं. संहती ०.०९९४ निघते, सव्वा टक्क्याच्या आसपास कमी. म्हणून सुरुवातीचं वाचन घेण्याआधी तोटी जोरात उघडून बुडबुडा काढायचा आणि भरायला वापरलेलं फनेल उचलायचं. ते वर राहिलं तर त्यातले थेंब मधेच ब्युरेटमध्ये पडतात. ब्युरेट शेवटी त्याच द्रावणाने खळबळायची. नुसती पाण्याने धुतली तर आत राहिलेलं पाणी द्रावण पातळ करतं. कोनिकल फ्लास्क मात्र डिस्टिल्ड पाण्याने ओली असली तरी बिघडत नाही, कारण त्यात महत्त्व मोलचं आहे.

फिनॉल्फ्थॅलिनचा (अभिक्रिया पूर्ण झाल्याचं रंगाने दाखवणाऱ्या सूचकाचा) रंग जेमतेम गुलाबी व्हावा आणि अर्धा मिनिट टिकावा. नंतर फिकट झाला तर घाबरू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तसं होतं. गडद गुलाबी म्हणजे पुढे गेलात. एक थेंब सुमारे ०.०५ मिलीचा असतो, म्हणून शेवटी थेंबाथेंबाने, गरज पडली तर अर्धा थेंब तोटीला लटकवून पाण्याने आत धुवायचा. वाचन दोन दशांशांपर्यंत: २४.८ नाही, २४.८०. या एका शून्यासाठी गुण कापले जातात आणि ते योग्यच आहे, कारण ब्युरेट तेवढं मोजू शकते.

रिपोर्टमध्ये त्रुटींची चर्चा लिहायची असते. ‘मानवी चूक झाली असेल’ या वाक्याला शून्य. काय झालं, त्याने कोणतं मोजमाप वाढलं किंवा घटलं आणि उत्तर कोणत्या दिशेला सरकलं, हे तिन्ही हवं. वरचा बुडबुडा तसा लिहून पाहा: आकारमान जास्त आलं, म्हणून संहती कमी आली. तुमचं उत्तर खऱ्या किमतीपेक्षा जास्त असेल तर बुडबुडा हे कारण चालणारच नाही, दुसरं शोधावं लागेल.

जोडीदाराबरोबर घेतलेली वाचनं दोघांची असतात, रिपोर्ट ज्याचा त्याचा. वाचनं मनाने लिहिणं हा थेट शिस्तभंग आहे. तिन्ही वाचनं हुबेहूब सारखी आली की तपासणाऱ्याची नजर तिथेच अडते.

लेखी परीक्षा

गृहपाठात ९५ आणि परीक्षेत ६० हे चित्र वारंवार दिसतं. ऑनलाइन गृहपाठाला अनेक प्रयत्न मिळतात, पुस्तक उघडं असतं, वेळेचं बंधन नसतं. त्याचा उपाय साधा आहे: प्रत्येक उदाहरण दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून पुन्हा सोडवा.

एककं हे दुसरं मोठं गळतीचं ठिकाण. २५ अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअरला २.०० लिटर वायूचे मोल किती? तापमान २९८.१५ केल्विन घेतलं तर ०.०८१७ येतात. २५ तसंच ठेवलं तर ०.९७५. हे उत्तर पाहताच खटकलं पाहिजे: या तापमानाला एक मोल वायू साधारण साडेचोवीस लिटर जागा घेतो, मग दोन लिटरमध्ये जवळजवळ अख्खा मोल कसा मावेल?

एन्ट्रॉपीच्या धड्यात अशीच चूक हजारपटीची होते. दोन मोल अमोनिया तयार होताना एन्थाल्पीतला (उष्णतेतला) बदल −९२.२ किलोज्यूल आणि एन्ट्रॉपीतला −१९८.७ ज्यूल प्रति केल्विन. एक किलोज्यूलमध्ये, दुसरा ज्यूलमध्ये. १९८.७ ला आधी १००० ने भागलं की २९८ केल्विनला मुक्त ऊर्जेतला बदल (एन्थाल्पीतला बदल वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल; तो ऋण असेल तर अभिक्रिया आपोआप घडते) −३३.० किलोज्यूल येतो. न भागता केलं तर उत्तर प्रचंड धन येतं, आणि अभिक्रिया आपोआप घडते की नाही याचा निष्कर्षही उलटा लागतो.

पायऱ्या लिहा. ‘अ’ भागात चूक झाली आणि ‘ब’ भागात तेच चुकीचं उत्तर घेऊन पुढची रीत बरोबर केली, तर बहुतेक तपासनीस ‘ब’ चे गुण देतात. नुसतं अंतिम उत्तर असेल तर द्यायला काही उरत नाही. ‘अ’ अजिबात जमला नाही तर एखादी शक्य किंमत गृहीत धरा, तसं लिहा आणि पुढे चला.

बहुपर्यायी पेपरमध्ये ऋण गुण किती ते आधी पाहा. चार पर्याय, बरोबरला १ आणि चुकीला पाव गुण वजा असेल, तर डोळे मिटून दिलेलं उत्तरही सरासरीने किंचित फायद्याचं असतं. एक तृतीयांश वजा असेल तर ना फायदा ना तोटा, पण एक पर्याय जरी खात्रीने बाद करता आला तरी उत्तर द्यावं.

पेपर परत मिळाला की त्याच दिवशी तपासा. फेरतपासणीचा अर्ज लेखी, मुदतीत, नेमक्या प्रश्नावर बोट ठेवून करावा लागतो. पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं अनेकदा फेरतपासणीला घेत नाहीत. काही विभाग अख्खा पेपर पुन्हा तपासतात, त्यामुळे गुण कमीही होऊ शकतात.

आमच्याकडून काय मिळेल, काय नाही

गुण धरले जाणारे गृहपाठ आम्ही सोडवून देत नाही, रिपोर्ट लिहून देत नाही. त्याच रीतीचं दुसरं उदाहरण घेतो आणि लिहिलेल्या रिपोर्टवर प्रश्न विचारतो. पहिल्या तासाला सिलॅबस, परत मिळालेले पेपर (गुण कमी असलेले आधी), प्रॅक्टिकलची वही आणि परीक्षेत चालणारा कॅल्क्युलेटर आणा. ज्या कॅल्क्युलेटरवर सराव केला नाही, त्यावर दहाचे घात टाकताना परीक्षेत हमखास गोंधळ होतो. तास रद्द करायचा असेल तर आदल्या दिवशी कळवा. मध्य-सत्राच्या आठवड्यात जागा कमी असतात, म्हणून त्या आठवड्यांचे तास सत्राच्या सुरुवातीलाच ठरवून घ्या.