विचारल्याने ‘तसले’ विचार येत नाहीत

‘घरात कुणी खचलं असेल तर मरणाचा विषय काढू नये, नसलेला आत्महत्येचा विचार डोक्यात येतो,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. त्यामागे काळजीच असते, पण ते खरं नाही. तो विचार आलेला माणूस आधीच एकट्याने झुरत असतो. विचारल्याने धोका वाढत नाही, हे अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. उलट मनातलं बोलायला वाट मिळते. रात्री भांडी आवरताना, शेजारी उभं राहून सरळ विचारा, ‘दादा, जीव नकोसा वाटतो का रे?’ मग ऐका. ‘वेड्यासारखं बोलू नकोस’ एवढं मात्र नको. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका, औषधं-कीटकनाशकं कुलपात ठेवा, डॉक्टरांकडे न्या. खात्री करायचीय? १४४१६ या मोफत सरकारी हेल्पलाइनवर मराठीतही बोलतात, रात्रीसुद्धा. त्यांनाच विचारा.