रिपोर्ट आल्यानंतरची भीती
(स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आमच्या समुपदेशन केंद्राचं माहितीपत्रक)

निदान सांगितल्यावर डॉक्टर पुढे बरंच काही बोलतात, पण घरी आल्यावर त्यातलं फारसं आठवत नाही. घाबरलेलं मन एकच शब्द धरून बसतं, हे साहजिकच आहे. म्हणून पुढच्या भेटीला कुणाला तरी सोबत न्या आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. प्रश्न कागदावर लिहा, पण पाच-सहाच, आणि महत्त्वाचे वर. वीस प्रश्न नेले तर शेवटचे विचारायचे राहतात आणि नेमके तेच रात्री छळतात.

आधी रिपोर्ट नीट वाचून घ्या

बरीचशी भीती चुकीच्या वाचनातून येते. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ग्रेड आणि स्टेज यांत. ‘ग्रेड ३’ वाचून तिसरी स्टेज समजू नका. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते ग्रेड सांगते, १ ते ३. आजार शरीरात कुठवर पोचलाय ते स्टेज सांगते, ० ते ४. लहानशी गाठ ग्रेड ३ असूनही स्टेज १ मध्ये असू शकते.

ईआर किंवा पीआर (पेशींमधल्या हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या जागा) यांपुढे ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की लोक दचकतात. त्याचा अर्थ एवढाच, की या गाठीवर हार्मोनविरोधी औषधं चालण्याची शक्यता आहे. हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) यापुढे ‘२+’ असेल तर निकाल अजून लागलेला नाही. त्यासाठी बहुधा फिश नावाची पुढची तपासणी होते. तोवर त्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. आणि ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ हे कितीही जणांनी सांगितलं तरी बायोप्सी टाळू नका. उपचार कोणते द्यायचे हे तिच्यावरच ठरतं.

थांबण्याचे दिवस

उपचार सुरू होण्याआधीचे दिवस उपचारांपेक्षाही जड जातात असं पुष्कळांना वाटतं. एकेक दिवस वाया जातोय असं वाटत राहतं. पण ही गाठ सहसा एका रात्रीत वाढलेली नसते, आणि तपासण्या पुऱ्या करून नेमका उपचार ठरवणं घाईपेक्षा मोलाचं असतं. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘माझ्या बाबतीत किती दिवस थांबलं तर चालेल?’ एकदा तारीख कळली की भीतीला कुठेतरी कुंपण पडतं.

छातीत धडधडायला लागलं तर

भीतीने श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. मग ‘हे काय नवीन?’ म्हणून भीती आणखी चढते. हे चक्र श्वासापाशी तोडायचं. पाय जमिनीवर टेकवून बसा. नाकाने चार मोजत श्वास घ्या, ओठ किंचित उघडून सहा मोजत सोडा. असं पाच मिनिटं. इथे एक चूक हमखास होते: लोक ‘खोल श्वास’ म्हणून जोरजोरात हवा ओढतात आणि त्रास वाढवून घेतात. भर सोडण्यावर द्यायचा.

मात्र छातीत दुखतंय, धाप थांबत नाही किंवा एकच पाय सुजलाय, तर ती भीती समजून बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

रात्र

दिवसा एक वीस मिनिटांची वेळ ठरवा, संध्याकाळी उशिराची नको. त्या वेळात वही घेऊन जे जे वाटतंय ते लिहा. प्रत्येक ओळीपुढे ‘करता येईल’ किंवा ‘आज काही करता येत नाही’ एवढंच. रात्री तोच विचार आला की ‘उद्याच्या वेळेत’ म्हणायचं. पहिले चार-पाच दिवस जमत नाही, सोडू नका.

केमोबरोबर स्टेरॉइड मिळत असेल तर त्यानेच झोप उडते आणि चिडचिड होते. तो सगळा दोष स्वतःच्या मनाला देऊ नका. गोळी सकाळी घेतली तर चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

इंटरनेटवरचे ‘पाच वर्षांचे’ आकडे पाहताना एक ध्यानात ठेवा: ते बहुतेक काही वर्षांपूर्वी निदान झालेल्यांचे असतात, आणि त्यांत बऱ्याचदा वेगवेगळ्या तऱ्हेचे रुग्ण एकत्र मोजलेले असतात.

घरच्यांना

‘पॉझिटिव्ह राहा’ हे वाक्य कृपया कमी वापरा. रडल्याने किंवा घाबरल्याने कॅन्सर वाढतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट या वाक्याने माणूस भीती लपवायला शिकतो. त्यापेक्षा ‘मंगळवारी मी सोबत येते’ जास्त उपयोगी. मुलांना आजाराचं नाव सांगा, तो लागट नाही हे सांगा, आणि त्यांच्या वागण्यामुळे झालेला नाही हेही. लहान मुलं हे मनात धरतात, बोलत नाहीत.

उपचार संपल्यावर

सगळे अभिनंदन करत असतात आणि भीती मात्र वाढते. दवाखान्याच्या फेऱ्या थांबतात, कुणी तपासत नाही, म्हणून. फॉलो-अपच्या आधीचा आठवडा विशेष वाईट. नवं दुखणं दोन आठवडे टिकलं किंवा वाढत गेलं तर तारखेची वाट न पाहता कळवा. नवी गाठ लागली तर दोन आठवडेही थांबू नका.

आमच्याकडे कधी यावं

गेल्या आठवड्यातला मनाचा त्रास ० ते १० मध्ये मोजा. ४ किंवा जास्त असेल तर बोलून घ्या. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि एकटं राहू नका.

पहिल्या भेटीला चालू औषधांची यादी आणा. टॅमॉक्सिफेन (एक हार्मोनविरोधी औषध) चालू असेल तर पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी नैराश्यावरची औषधं सहसा टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनचं शरीरात परिणामकारक रूप होण्यात ती अडथळा आणतात. दुसरे पर्याय असतात. पण आधीपासून घेत असलेली गोळी मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.