पहिली झडप गेली, आता दुसरीवर भार

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरची शस्त्रक्रिया होते, लघवीसाठी घातलेली नळी निघते, आणि ठाण्यातल्या तलावपाळीच्या पहिल्याच फेरीत कपडे ओले होतात. मग ‘वय झालं’ म्हणत माणूस पाणी पिणंच तोडतो. दोन्ही चूक. पाणी कमी झालं की लघवी दाट होऊन मूत्राशयाला चुरचुरते, बद्धकोष्ठता वाढते, आणि कुंथल्याने गळती आणखी होते. चहा-कॉफी मात्र कमी करावी.

मूत्राशयाच्या तोंडाशी एक झडप असते, ती आपोआप मिटलेली राहते. दुसरी प्रोस्टेटच्या खाली, आपल्या मर्जीने आवळता येणारी. प्रोस्टेट काढताना प्रोस्टेटमधून जाणारा मूत्रनलिकेचा भागही जातो आणि मूत्राशय खाली आणून उरलेल्या नलिकेला शिवतात. वरच्या झडपेचा आधार बहुतेक संपतो.

उरलेल्या झडपेत आणि तिच्याभोवतीच्या स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू तासन् तास हलका ताण धरतात. जलद तंतू झटकन आवळतात, पण लवकर दमतात. खोकताना पोटातला दाब क्षणात मूत्राशयावर येतो. झडप त्याच्या आधी आवळली नाही, तर थेंब निसटलाच. आडवं पडल्यावर भार कमी, म्हणून बरेच जण रात्री आधी कोरडे होतात. दिवसभर दमलेले स्नायू संध्याकाळी ठाणे स्टेशनचा पूल चढताना हार मानतात.

म्हणून व्यायाम दोन्ही तंतूंचा हवा, आणि नळी निघाल्यानंतरच. लिंग आत ओढून धार थांबवतोय अशी कल्पना करा. आरशात लिंगाचं मूळ आत जाताना आणि वृषण किंचित उचलले जाताना दिसले, तर स्नायू बरोबर सापडला. 5 सेकंद धरा, तेवढीच विश्रांती. असं 10 वेळा, मग 10 झटपट आवळण्या. दिवसातून 3 वेळा. हळूहळू 10 सेकंदांपर्यंत जा. आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने. श्वास रोखला किंवा पोट ताणलं की दाब उलट खालीच ढकलला जातो. इथेच सर्वाधिक लोक चुकतात. खोकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी आवळायची सवय लावा. खरी धार अडवून रोजचा सराव मात्र नको, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

24 तासांचे पॅड वजनकाट्यावर तोला आणि कोऱ्या पॅडांचं वजन वजा करा: 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिलिलिटर. सुधारणा आकड्यात दिसते. धार बारीक होत गेली, तर शिवलेला जोड आकसला असण्याची शक्यता असते, लगेच दाखवा.

‘सात दिवसांत गळती बंद’ म्हणणाऱ्या चूर्णावर पैसे घालवू नका. काढलेली झडप त्याने परत येत नाही. बहुतेकांची गळती काही महिन्यांत ते वर्षभरात बरीच कमी होते. तरीही मोठी गळती राहिली, तर कृत्रिम झडप बसवता येते: नलिकेभोवती पाण्याने भरलेला पट्टा, अंडकोशात छोटा पंप. पंप दाबला की पट्टा सैल होतो, आणि काही मिनिटांत आपोआप पुन्हा भरतो. अशी झडप असलेल्याने कुठल्याही दवाखान्यात नळी घालण्याआधी ते सांगायलाच हवं. पट्टा सैल न करता घातलेली नळी मूत्रनलिकेला इजा करते.