'हे काय आहे?' या प्रश्नाचा इतिहास

ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे अमूर्त चित्रापुढे, ज्यात ओळखीची वस्तू दिसत नाही अशा चित्रापुढे, उभं राहिलं की पहिला प्रश्न हाच येतो, हे नक्की काय आहे? त्यात ओशाळं व्हायचं काहीच कारण नाही, अहो अमूर्त चित्रकलेच्या सुरुवातीच्या चित्रकारांपैकी एक, रशियन वासिली कांडिन्स्की, त्याचंही तेच झालेलं. १८९६ साली मॉस्कोतल्या एका प्रदर्शनात त्याने फ्रेंच चित्रकार मोनेचं गवताच्या गंजीचं चित्र पाहिलं आणि ती गंजी आहे हे त्याला कॅटलॉग वाचल्यावर कळलं. आधी तो वैतागला, चित्रकाराने असं अस्पष्ट रंगवावंच कशाला म्हणून, पण ते चित्र काही डोक्यातून जाईना. पुढे म्युनिकला असताना एकदा संध्याकाळी तो स्टुडिओत शिरला तर समोर एक अप्रतिम चित्र, नुसते आकार आणि रंग, जवळ जाऊन बघतो तर त्याचंच चित्र आडवं टेकवून ठेवलेलं! दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा तसं बघायचा प्रयत्न केला, पण आता त्यातल्या वस्तू ओळखू यायला लागल्या होत्या आणि ती मजा गेली ती गेलीच. मला वाटतं अमूर्त चित्र कसं बघायचं याची सगळी किल्ली या एका प्रसंगात आहे.

तसं स्वीडनमध्ये हिल्मा आफ क्लिंट ही चित्रकार १९०६ पासूनच अशी अमूर्त चित्रं काढत होती, पण माझ्या मृत्यूनंतर वीस वर्षं ती दाखवू नका असं सांगून गेली, त्यामुळे इतिहासात तिचं नाव फार उशिरा आलं.

मग १९१५ मध्ये आलं रशियन चित्रकार मालेविचचं 'काळा चौकोन' हे चित्र. पेत्रोग्राडच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) प्रदर्शनात त्याने तो खोलीच्या कोपऱ्यात, छताजवळ लावला, म्हणजे रशियन घरात जिथे देवाची तसबीर असते अगदी तिथे. फोटोत बघून 'यात काय, नुसता काळा रंग' असं वाटतं खरं. पण नीट बघा, कडा पट्टीने आखलेल्या नाहीत, किंचित तिरक्या आहेत, काळ्या रंगाला बारीक बारीक तडे गेलेत आणि त्या तड्यांतून खालचे वेगळेच रंग डोकावतात. २०१५ मध्ये एक्स-रे वगैरे काढून तपासलं तेव्हा खाली दोन रंगीत चित्रं सापडली.

रंगांचे मोठमोठे पट्टे रंगवणारा अमेरिकन चित्रकार रॉथको तर सांगायचा की माझ्या चित्रापासून साधारण दीड फुटावर उभे राहा. एवढं जवळ गेलं की आख्खं चित्र नजरेत मावतच नाही, मग डोळे आपोआप कडेकडे जातात, जिथे वरचा रंग विरळ होत जातो आणि खालचा थर हळूहळू दिसायला लागतो.