फोनला हात लावला नव्हता

माझी भाची तेव्हा सहा वर्षांची होती. ‘मी आंघोळ करून येईपर्यंत फोनला हात लावायचा नाही,’ असं बजावून तिची आई आत गेली. ती बाहेर आली तेव्हा कार्टून जोरात सुरू होतं आणि काचेवर एक छोटा ओलसर ठिपका होता. ‘हात नाही लावला,’ भाची शांतपणे म्हणाली. खरंच लावला नव्हता. तिनं फोन नाकानं चालवला होता.

आईचा पारा चढला. मी मात्र त्या ठिपक्याकडे बघत राहिले. बोटासारखाच नाकाचा स्पर्शही पडद्याला कळतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आईच्या मनात काय आहे हे तिला नेमकं ठाऊक होतं. म्हणून तर ती नळाचा आवाज येईपर्यंत थांबली होती. आईचा हेतू एकीकडे, आईचे शब्द दुसरीकडे, आणि मधल्या फटीतून ती अलगद निसटली.

ही फट दिसायला लागणं हा वाढीतला फार मोठा टप्पा आहे. 1983 साली हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. मॅक्सी निळ्या कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते हिरव्या कपाटात ठेवते. आता मॅक्सी चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा ‘हिरव्या’ म्हणतात. आपल्याला जे माहीत आहे ते सगळ्यांनाच माहीत असणार, असं त्यांचं जग असतं. चार-पाच वर्षांच्या सुमारास उत्तर ‘निळ्या’ होतं. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं, अगदी चुकीचंही चित्र असू शकतं, हे मुलाला उमगतं.

आणि एकदा हे उमगलं की ते चित्र मुद्दाम चुकवताही येतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अजून फसवता न येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांना काही दिवस फक्त ‘दुसऱ्याला काय वाटत असेल’ हे ओळखण्याचा सराव दिला. खोटं बोलायला कुणी शिकवलं नाही. तरी लपवाछपवीच्या खेळात ती समोरच्याला चकवू लागली.

चकवणं सोपं नसतं. खरं काय ते ध्यानात ठेवायचं, ते ओठांवर येऊ द्यायचं नाही, आणि आपण रचलेलं पुढच्या प्रश्नालाही टिकवायचं. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांच्या प्रयोगांत मुलांना पाठीमागे ठेवलेलं खेळणं वळून न बघता ओळखायचं होतं. चोरून बघितलेली लहान मुलं ‘मी नाही बघितलं’ म्हणायची आणि लगेच खेळण्याचं नावही सांगून टाकायची. सहा-सात वर्षांची बरीच मुलं मात्र ‘माहीत नाही’ म्हणण्याची खबरदारी घ्यायची.

इथे पालकांची एक गल्लत होते. मूल एवढं डोकं चालवतंय म्हणजे त्याला सगळं कळतं, असं धरून त्याच्याकडून मोठ्यांच्या संयमाची अपेक्षा केली जाते. पण मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. लेटा हॉलिंगवर्थ यांनी अतिशय बुद्धिमान मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून हेच मांडलं होतं: बुद्धी मोठ्या माणसाची, भावना आणि शरीर लहान मुलाचं, यातून अडचणी येणारच. युक्तिवादात आईला गप्प करणारं मूल दोन मिनिटांत भोकाड पसरतं, तेव्हा ते नाटक नसतं.

दुसरी चूक कौतुकाची. 2017 च्या एका अभ्यासात तीन आणि पाच वर्षांच्या मुलांना पत्त्यांचा अंदाज बांधायला दिला. ‘तू हुशार आहेस’ हे ऐकलेल्या मुलांनी ‘या वेळी छान खेळलास’ ऐकलेल्यांपेक्षा जास्त वेळा लबाडी केली. हुशारीची पाटी गळ्यात पडली की ती सांभाळावी लागते.

पण मला सगळ्यात जास्त बोचतो तो चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांचा 2014 चा प्रयोग. काही मुलांना ‘शेजारच्या खोलीत खूप गोळ्या आहेत’ असं सांगून आणलं आणि मग ती थाप होती हे कबूल केलं. शाळकरी वयाच्या ज्या मुलांना थाप मारली नव्हती, त्यांच्यातल्या सुमारे 60 टक्क्यांनी पुढे खेळणं ओळखायच्या तशाच खेळात चोरून बघितलं. थाप ऐकलेल्यांत हे प्रमाण 80 टक्क्यांच्या जवळ गेलं, आणि बघूनही नाकारणं वाढलं. चलाख मूल आपल्या थापा आधी पकडतं. भाचीच्या घरीही त्याआधी ‘फोन बिघडलाय’ असं सांगून झालं होतं, आणि तेवढ्यात तो वाजला होता.

नाकाच्या प्रकारानंतर तिच्या आईनं आधी ती थाप कबूल केली. फोन कमी का हवा, हे खरं कारण सांगितलं. मग कागद पुढे सरकवून म्हणाली, ‘आता तूच नियम लिही, मला पळवाट सापडता कामा नये.’ भाची अर्धा तास जमिनीवर पालथी पडून लिहीत होती. हात, नाक, कोपर, पायाचं बोट, पेन्सिल. मग थोडा वेळ पेन्सिल चावत बसली आणि खाली लिहिलं: ‘आणि मोठ्यानं बोलूनसुद्धा लावायचा नाही.’ फोन बोलूनही चालतो, हे तिच्या आईला तोवर माहीत नव्हतं.