काडतूस बसलं म्हणून ते चालेलच असं नाही

जुन्या इंग्लिश हलक्या दुनळी बंदुकांबद्दल एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: काडतूस आत बसलं आणि बंदूक नीट मिटली की बार काढायला हरकत नाही. हा समज घातक आहे.

काडतुसावर छापलेली लांबी बार झाल्यानंतरची, म्हणजे दुमडलेलं तोंड पूर्ण उलगडल्यावरची असते. ७० मिमीचं काडतूस उडवण्यापूर्वी जेमतेम ५८-६० मिमी भरतं. त्यामुळे अडीच इंची, म्हणजे ६५ मिमीच्या चेंबरमध्ये, नळीच्या काडतूस बसण्याच्या मागच्या भागात, ते अलगद जातं. बार होताच तोंड उलगडतं आणि चेंबरपुढच्या निमुळत्या भागात शिरतं. छऱ्यांची आणि डाटाची (दारू व छर्रे यांच्यामधल्या गादीची) वाट तिथे आवळते, दाब वाढू शकतो. मुळात आजची ७० मिमीची बरीच काडतुसं जास्त दाबासाठीच भरलेली असतात. मला तर खरा धोका तोच वाटतो.

मग काडतूस घरी भरताना छर्रे कमी केले की झालं? नाही. दारूचा प्रकार, टोपी (दारू पेटवणारी), डाट आणि पुंगळी (काडतुसाचं कवच) यांतलं काहीही बदललं तरी दाब बदलतो. म्हणून ६५ मिमीच्या पुंगळीसाठी तपासलेलं भरण्याचं प्रमाणच जसंच्या तसं वापरावं. पातळ नळ्यांच्या हलक्या बंदुकीला २८ ग्रॅम छर्रे ससा-तितरासाठी इंग्लंडात पुरेसे ठरतात, खांद्यालाही धक्का कमी बसतो.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरला नाही. पण आजोबांची दुनळी परवान्यासह घरात असेल, तर आधी जाणकार बंदूकसाजाकडून चेंबर मोजून घ्या आणि नळीखालचे दाबचाचणीचे शिक्के वाचून घ्या.